मानमोडी आणि हिरडा

जुन्नर गांवाच्या दक्षिणेस मानमोडी नांवाचा डोंगर आहे. तेथील बौद्ध लेण्यांच्या शिलालेखांत त्याचें प्राचीन नांव 'मानमुकुड' असें आढळतें. पुढें कित्येक शतकांनीं, १९१८ सालीं, महाराष्ट्रांत इन्फ्लुएंझाची साथ पसरली, तेव्हां ताप व अंगदुखी यांनीं मान टाकून पडलेल्या लोकांनीं त्या रोगासही 'मानमोडी' हेंच नांव दिलें. डोंगराचा व रोगाचा संबंध केवळ नांवापुरता. परंतु त्या डोंगराच्या पश्चिमेस, जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांच्या घाटमाथ्यावर, एक झाड पिढ्यान्‌पिढ्या उभें आहे, आणि त्याच्या फळांतील द्रव्यांचा या रोगाशीं असलेला संबंध प्रयोगशाळेंत दिसून आला आहे. तें झाड हिरड्याचें.

१९१८ च्या जून महिन्यांत मुंबईंत पोलिसांचे सात शिपाई तापानें आजारी पडले. त्यांतील एक गोदीवर नेमलेला होता. महायुद्धावरून परतणाऱ्या जहाजांबरोबर रोग बंदरांत उतरला होता. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरांत दुसरी आली, आणि ६ ऑक्टोबर रोजीं एकट्या मुंबई शहरांत ७६८ माणसें मृत्यु पावलीं. त्या वर्षीं पाऊसही दगा देऊन गेला होता. अर्धपोटीं माणसें रोगास सहज बळी पडलीं. मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक व हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक लोक गेले.

त्या वेळीं औषध काय होतें? डॉक्टर क्विनाईन देत. सिंकोना झाडाच्या सालींतून १८२० सालीं वेगळें काढलेलें हें द्रव्य हिंवतापावर गुणकारी. परंतु इन्फ्लुएंझापुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं. तुळस, आलें, अडुळसा यांच्या काढ्यांनीं घसा निवे, पण रोगाची गति थांबत नसे. खरी अडचण ही कीं, शत्रु कोण हेंच कोणास ठाऊक नव्हतें. एका जंतूवर आळ घेतला गेला होता, पण तो चुकीचा ठरला. माणसांतील इन्फ्लुएंझाचा खरा विषाणु १९३३ सालीं लंडनमध्यें सांपडला.

विषाणु सांपडल्यावर त्याची रीतही उलगडली. तो शरीराच्या पेशींत शिरून आपल्या प्रती तयार करतो. त्या नव्या विषाणूंस पेशीपासून सुटून बाहेर पडण्यास 'न्यूरॅमिनिडेज' नांवाचें एक द्रव्य कात्रीप्रमाणें उपयोगीं पडतें. ही कात्री बोथट केली कीं प्रसार मंदावतो. १९९९ सालीं मान्यता मिळालेलें 'ओसेल्टामिव्हिर' हें औषध नेमकें तेंच करतें. आणि तें बनविण्यास लागणारें शिकिमिक आम्ल प्रथम चक्रीफुलांतून काढण्यांत आलें. २००९ च्या ऑगस्टमध्यें स्वाइन फ्लूचा देशांतील पहिला मृत्यु पुण्यांत झाला व दवाखान्यांपुढें रांगा लागल्या, तेव्हां रुग्णांस देण्यांत आलें तें हेंच औषध. परंतु चक्रीफूल उकळून प्याल्यानें रोग बरा होत नाहीं. त्यांतील आम्लावर अनेक रासायनिक संस्कार झाल्यावरच औषध सिद्ध होतें.

आतां हिरड्याकडे वळूं. भीमाशंकर, आहुपे या बाजूंचे महादेव कोळी लोक कोंवळीं फळें तोडतात, उन्हांत वाळवितात व बाळहिरडा म्हणून विकतात. कित्येक घरांचा वर्षाचा रोकड पैसा यावरच अवलंबून असतो. वैद्य त्यास हरीतकी म्हणतात, त्रिफळ्यांत घालतात, खोकल्यावर चघळण्यास देतात. कारखानदार त्याच्या तुरटपणानें कातडीं कमावतात. त्याच तुरट वर्गांतील चेब्युलॅजिक व चेब्युलिनिक हीं दोन आम्लें इन्फ्लुएंझाच्या त्या कात्रीस अडवितात, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं जूनच्या आरंभीं 'निसर्ग' चक्रीवादळानें याच दोन तालुक्यांत हिरड्याची मोठी हानि केली व झाडांच्या मालकांस भरपाईसाठीं झगडावें लागलें.

प्रयोगशाळेंतील यश म्हणजे औषध नव्हे. द्रव्य पोटांत गेल्यावर फुप्फुसापर्यंत पुरेशा प्रमाणांत पोंचतें काय, किती मात्रा निर्धोक, रुग्ण खरोखर लवकर बरे होतात काय, या प्रश्नांचीं उत्तरें माणसांवरील काटेकोर परीक्षेनेंच मिळतात. तोंवर साथीच्या दिवसांत हिरड्याच्या भरंवशावर डॉक्टरास टाळणें म्हणजे १९१८ सालची क्विनाईनची चूक दुसऱ्या नांवानें करणें होय. त्या वेळच्या लोकांचा नाइलाज होता, कारण त्यांस शत्रु दिसत नव्हता. आज तो दिसतो; म्हणून परीक्षा टाळण्यास सबब उरलेली नाहीं. आणि उद्यां ती परीक्षा हिरडा उतरला, तर फळ तोडणाऱ्या हातास त्याचें मोल मिळालें पाहिजे, आणि त्यासाठीं घाटमाथ्यावर तीं झाडेंही उभीं असलीं पाहिजेत.