पाच पौंडांची शपथ आणि आपल्या पुंजीची खरी किंमत



चातुर्मासात आपल्यापैकी कितीतरी जणी परिग्रह-परिमाणाचा नियम घेतात. काही जणी वहीत सरळ रकमेचा आकडा लिहितात, की यापेक्षा जास्त स्वतःच्या नावावर ठेवणार नाही. वीस वर्षांनी वहीतला आकडा तोच असतो, पण तेवढ्या पैशांत येणारं धान्य निम्म्याहून कमी झालेलं असतं. मग नियम तोच राहिला म्हणायचा का? हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. वाचायला बसले तेव्हा कळलं की तो तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्येही पडला होता, आणि महागाईचा हिशेब करण्याची रीत त्यातूनच पुढे आली.

तिथल्या एका कॉलेजची स्थापना 1440 ते 1460 च्या दरम्यान झाली होती. वर्षाला पाच पौंडांहून जास्त मिळकत असेल तर आपली जागा सोडेन, अशी शपथ तिथल्या फेलोंना घ्यावी लागे. अडीचशे वर्षांनी सहा पौंडांची मिळकत असलेल्या माणसाने ती शपथ घ्यावी की नाही? विल्यम फ्लीटवूड या धर्मगुरूने 1707 मध्ये ‘क्रॉनिकॉन प्रेशिओसम’ या पुस्तकात याचं उत्तर शोधलं. धान्य, मांस, पेय आणि कापड यांचे जुने भाव त्याने गोळा केले. जुन्या काळी पाच पौंडांत जेवढं येई, तेवढ्यासाठी आता अठ्ठावीस ते तीस पौंड लागतात, असा हिशेब त्याने मांडला. म्हणजे सहा पौंडवाल्याची शपथ मोडत नव्हती.

आपल्या आचार्यांनी मात्र परिग्रहाची मर्यादा सांगताना मुळात वस्तूच मोजल्या आहेत. तत्त्वार्थसूत्रात शेत-घर, सोनं-चांदी, गुरं-धान्य, कपडे-भांडी अशी मर्यादा आहे. शेराचं माप महागाईने लहान होत नाही. ‘महागाई वाढली’ म्हणून दर वर्षी आकडा वाढवत नेण्याची पळवाटही तिथे सापडत नाही.

हाच विचार सरकारी कर्जात आला तो अमेरिकेत. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात कागदी पैशाची किंमत कोसळली आणि सैनिकांच्या पगाराला अर्थ उरला नाही. तेव्हा 1780 मध्ये मॅसॅच्युसेट्सने सैनिकांना वेगळ्या प्रकारचे रोखे दिले. पाच बुशेल मका, साडेअडुसष्ट पौंडांच्या आसपास गोमांस, दहा पौंड लोकर आणि सोळा पौंड तळव्याचं चामडं यांना तेव्हा एकूण 130 पौंड पडत. पुढे या वस्तूंना जास्त पैसे लागले तर रोख्याची रक्कमही त्या प्रमाणात वाढणार होती. यादी वाचून आपल्याला शहारा येईल, पण त्यांच्या घरात लागणाऱ्या वस्तू त्याच होत्या.

इंग्लंडमध्ये 1975 साली महागाई वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेली. बँकेतलं व्याज तिच्या मागे पडलं आणि सगळ्यात जास्त हाल झाले ते पेन्शनवर जगणाऱ्यांचे. सरकारने तेव्हा महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेली बचतपत्रं काढली. सुरुवातीला ती फक्त साठीच्या पुढच्या बायकांना आणि पासष्टीच्या पुढच्या पुरुषांना मिळत, म्हणून लोक त्यांना ‘ग्रॅनी बाँड’, म्हणजे आजीबाईंचे रोखे म्हणू लागले. 1981 मध्ये वयाची अट गेली. अमेरिकेने 1998 मध्ये असेच ‘आय बाँड’ आणले. आपल्याकडे डिसेंबर 2013 मध्ये दहा वर्षांचे महागाईशी जोडलेले राष्ट्रीय बचत रोखे आले. त्यांवर ग्राहक निर्देशांकाच्या वाढीइतका परतावा आणि वर दीड टक्का असं ठरलं होतं. त्यांची विक्री मार्च 2014 मध्ये थांबली.

अशा पुंजीची आजची किंमत बघायला आता ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहेत. आत गणित फ्लीटवूडचंच: आजचा निर्देशांक भागिले खरेदीच्या वेळचा, गुणिले रक्कम. निर्देशांक 100 वरून 175 झाला असेल, तर एका लाखाच्या जागी पावणेदोन लाख लागतात. पण आकडा वाचताना काही गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली गोष्ट, कॅल्क्युलेटर दोन जातींचे असतात. एक सांगतो की तेव्हाच्या रकमेइतकी खरेदी करायला आज किती लागतील. दुसरा, रोखे काढणाऱ्याचा, सांगतो की आज तुम्हाला हातात किती मिळतील. दोन्ही आकडे शेजारी लिहिले की पुंजी टिकली की झिजली ते कळतं. बँकेच्या मुदत ठेवीलाही पहिला कॅल्क्युलेटर लावून बघा.

दुसरी, निर्देशांक कुठला आणि त्याचं पायाभूत वर्ष कुठलं. आपले 2013 चे रोखे निघाले तेव्हा पाया 2010 चा होता, 2015 मध्ये तो 2012 झाला. जुन्या मालिकेचा आकडा नव्याला थेट लावला तर उत्तर चुकतं. शिवाय या रोख्यांत तीन महिने आधीचा निर्देशांक धरत. इंग्लंडमध्ये 2019 पासून नूतनीकरण होणाऱ्या बचतपत्रांना वेगळा निर्देशांक लागू झाला, त्याची वाढ सहसा जुन्यापेक्षा कमी असते.

तिसरी, मुदतीआधीची कपात. अमेरिकेतल्या आपल्या लेकी-सुनांनी 2022 मध्ये दर 9.62 टक्के झाला तेव्हा आय बाँड घेतले असतील. ते वर्षभर मोडता येत नाहीत, आणि पाच वर्षांच्या आत मोडले तर शेवटच्या तीन महिन्यांचं व्याज जातं. तिथला सरकारी कॅल्क्युलेटर पाच वर्षं होईपर्यंत ते व्याज वगळूनच किंमत दाखवतो. आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नये.

शेवटची गोष्ट आपल्या स्वयंपाकघराची. सरकारी निर्देशांकात मांस, मासे, अंडी आणि कांदाही मोजतात. कांदा महागला की निर्देशांक हलतो, आपल्या डब्याला काही होत नाही. पण तूरडाळ, दूध, तेल आणि औषधं महागली की आपला खर्च सरासरीपेक्षा जास्त वाढू शकतो. म्हणून मी घरखर्चाच्या वहीतल्या दहा वस्तूंचे भाव दर दिवाळीला लिहून ठेवते.

घरातल्या थोरल्या बायकांची पुंजी बहुतेक वेळा दुसरंच कुणी सांभाळतं, आणि त्यांना सांगितलं जातं, ‘आज्जी, पैसे वाढलेत.’ रोख्याचा कागद, खरेदीचा महिना आणि रक्कम घेऊन एकदा त्यांच्या शेजारी बसा. किती वाढले, आणि त्यात आता किती महिन्यांची औषधं येतात, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगा.