टोपीकर आणि फाकडा

आपल्या 'कर' प्रत्ययाची एक गंमत आहे. तो गाव सोडल्यावरच चिकटतो. मावळातल्या आंबीत कुणी कुणाला आंबीकर म्हणणार नाही, तिथे सगळेच आंबीचे. माणूस पुण्या-मुंबईला जाऊन राहिला की मग आंबीकर. जवळच्या तळेगावाने तर उलटाच प्रकार केला. तिथे गावानेच घराण्याचं नाव घेतलं आणि ते तळेगाव दाभाडे झालं.

मग ज्याचं गावच कुठल्याकुठे सातासमुद्रापार, त्याला 'कर' कशाला लावायचा? मराठ्यांनी त्याच्या डोक्याकडे बघितलं आणि टोपीलाच लावून टाकला. टोपीकर! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (1715 च्या सुमाराचं) फिरंगी, इंग्रज, डच, फ्रेंच अशी सगळी मंडळी या एका शब्दात कोंबली आहेत. आपण पागोटंवाले, ते टोपीवाले. विषय संपला.

पण टोपी आणि नाव यांचं गणित त्या टोपीकरांच्या मुलखातही सगळीकडे सारखं नव्हतं. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांचंच बघा. त्यांची चपटी गोल टोपी म्हणजे 'चापेला'. स्पर्धा जिंकणाऱ्याला मोठी टोपी देतात आणि विजेत्याला शब्दच 'चापेलदुन', म्हणजे टोपीवाला. आपल्याकडे पैलवानाला मानाचा फेटा बांधतात, त्यातलाच प्रकार. आडनावं मात्र बरीचशी घरावरून. 'एचेबेरी' म्हणजे नवं घर, आणि त्याचंच एक रूप झेवियर. म्हणजे 1542 साली गोव्यात उतरलेले सेंट फ्रान्सिस झेवियर आपल्या हिशेबाने फ्रान्सिस नवघरे!

असो. मावळात परत येऊ. 1778 च्या अखेरीस राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायला इंग्रजांची फौज मुंबईहून निघाली आणि बोरघाट चढून वर आली. 4 जानेवारी 1779 ला कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट मराठ्यांच्या तोफेच्या गोळ्याने पडला. झाडावर चढून टेहळणी करत होता म्हणतात. पुढे तळेगाव गाठलं तर गाव रिकामं, दाणागोटा नाही. माघार घेताना महादजी शिंद्यांनी वडगावला कोंडलं आणि इंग्रजांना मानहानीचा तह करावा लागला.

फौजेचा सेनापती होता कर्नल एगर्टन. त्याचं नाव आज इतिहासाच्या पुस्तकाबाहेर कुणाला ठाऊक आहे? स्टुअर्ट मात्र 'इष्टूर फाकडा' झाला. फाकडा म्हणजे देखणा, बेडर, मर्दानी गडी. मानाजी शिंद्यांना मराठे फाकडे म्हणत, तोच किताब शत्रूला दिला. वडगावात त्याचं थडगं दाखवतात. मला यात 'स्टुअर्ट'चा 'इष्टूर' होणं जास्त महत्त्वाचं वाटतं. टोपीकर हे लांबून दिलेलं नाव आहे, सगळ्यांना मिळून एक. परक्याचं नाव आपल्या जिभेला वळेल असं करून घ्यायला मात्र त्याच्याकडे नीट बघावं लागतं.

टोपीचंही तसंच झालं. एकेकाळी परक्याची खूण असलेली ही वस्तू 1920 नंतर पांढरी खादी होऊन गांधीजींच्या नावाने आली, आणि मावळातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर अशी बसली की जणू शिवकाळापासूनच तिथे होती!

एक गोष्ट मात्र खटकत राहते. वडगावला सापडलेल्या त्या टोपीकरांच्या फौजेत टोपी घालणारे गोरे काही शेच होते. बाकी हजारो शिपाई इथलेच, एतद्देशीय. त्यांच्यातही कार्ल्यापासून वडगावपर्यंत पुष्कळ मेले. त्यांच्या मागे कुठल्या ना कुठल्या गावाचा 'कर' असणारच. पण थडगं दाखवतात ते इष्टूरचं.