कॉफी आणि प्रकृती : प्रस्तावना

बदलापूरजवळ बारवी नदीवर एमआयडीसीने १९७२ साली धरण बांधले ते मुख्यतः कारखान्यांच्या पाण्यासाठी. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढली, साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरपर्यंत गेला, आणि आज हे पाणी अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यातल्या स्वयंपाकघरांतही येते. सकाळी त्याचे पहिले आधण बहुतेक घरांत चहासाठी चढते. कॉफीचा मान दुसरा, पण तो पक्का आहे. आलेल्या पाहुण्याला ‘चहा घेणार की कॉफी?’ असे विचारले जाते. एकादशीला चहा सोडणारे अनेकजण कॉफीवर दिवस काढतात. परीक्षेच्या दिवसांत ती मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर येते आणि रात्रपाळीच्या कामगाराला पहाटेपर्यंत सोबत करते.

इतक्या ओळखीच्या पेयाचा प्रकृतीशी काय संबंध, हे मात्र आपण तुटक बातम्यांतूनच वाचत आलो आहोत. एका आठवड्यात कॉफी यकृताचे रक्षण करते असे छापून येते, पुढच्या आठवड्यात ती झोप उडवते, हाडे ठिसूळ करते असे कळते. गोंधळलेला वाचक शेवटी दोन्ही बातम्या बाजूला सारतो. हा विषय त्यापेक्षा अधिक आस्थेने वाचण्याजोगा आहे, अशी माझी खात्री आहे. त्याच्या वाटेवर पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकाने कोणते भान ठेवावे, एवढेच सांगण्यासाठी हे लेखन आहे. माझे मुख्य म्हणणे असे : कॉफीविषयीचा कोणताही निष्कर्ष स्वीकारण्याआधी तो ज्या कपावरून काढला आहे, तो कप आपल्या कपाशी ताडून पाहावा.

कॉफी आपल्याकडे परकी राहिलेली नाही. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. महाराष्ट्रातही विदर्भात चिखलदऱ्याच्या उंच पठारावर कॉफी पिकते, हे अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसते. देशातले पहिले इंडिया कॉफी हाउस १९३६ साली मुंबईत चर्चगेटला उघडले. मराठी घराने या पेयात स्वतःची भर घातली ती जायफळाची. कोकणात जायफळ चांगले येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याची ‘कोकण सुगंधा’ नावाची जातही विकसित केली आहे.

आता तो कपच जवळून पाहू. पातेल्यात दूध, त्यात थोडे पाणी, दोन चमचे साखर. उकळी आली की चमचाभर कॉफी पावडर, आणि वर किसलेले किंवा सहाणेवर उगाळलेले चिमूटभर जायफळ, कधी वेलची. पावडरीचे पाकीट उलटून पाहा. त्यावर कॉफी आणि चिकोरी यांचे प्रमाण छापलेले असते, कारण तसे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. ५३ टक्के कॉफी आणि ४७ टक्के चिकोरी असे आकडे नेहमी दिसतात. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफिन नसते. म्हणजे चमच्यातला जवळजवळ अर्धा भाग कॉफी नसू शकतो. उलट, अंबरनाथच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत एखाद्या दाक्षिणात्य कुटुंबाकडे पितळी फिल्टरमधून उतरवलेला दाट अर्क मिळाला, तर तिथला लहानसा पेलाही आपल्या मोठ्या कपापेक्षा तेज निघेल. ‘रोज तीन कप’ या शब्दांनी त्यामुळे फारसे काही कळत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूत्रांत याचे अंदाज दिले आहेत. १५० मिलिलिटर कपात बियांची पूड गाळून केलेली कॉफी असेल तर ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन, इन्स्टंट असेल तर ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि चहा असेल तर ३० ते ६५ मिलिग्रॅम. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅमची सांगितली आहे. चहाचाही हिशेब यातच धरायचा असतो, ही गोष्ट वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. ‘मी कॉफी एकदाच घेतो’ म्हणणाऱ्याचे चार चहा बहुधा मोजायचे राहिलेले असतात.

कॅफिन काम कसे करते, हे या विषयाचे प्रवेशद्वार आहे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि आपल्याला थकवा, झोप जाणवू लागते. कॅफिनचा रेणू अ‍ॅडिनोसिनच्या जागा अडवतो. थकवा गेलेला नसतो, त्याची वर्दी तेवढी पोचत नाही. कॅफिन रक्तात तास-पाऊण तासात भरपूर चढते, आणि त्यातले निम्मे शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात. ही सरासरी माणसागणिक खूप बदलते. धूम्रपान करणाऱ्यांत हा काळ जवळपास निम्मा होतो, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत सुमारे दुप्पट, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो पंधरा तासांपर्यंत जाऊ शकतो.

बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या माणसाचा दिवस घ्या. संध्याकाळी सातला घरी परतल्यावर त्याने ६० मिलिग्रॅमची एक कॉफी घेतली, तर रात्री बाराला त्यातले साधारण ३० मिलिग्रॅम अंगात शिल्लक असते. उठायचे साडेचारला. झोप लागली तरी ती उथळ होऊ शकते, आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा घालवायला पुन्हा कॉफीच हवीशी वाटते. हृदयाच्या आणि कर्करोगाच्या मोठ्या बातम्यांत हा झोपेचा मुद्दा मागे पडतो. आपल्या भागातल्या वाचकाला तो सर्वांत आधी लागू पडतो, असे माझे मत आहे.

मोठ्या बातम्यांबद्दल बोलायचे तर या शास्त्राने स्वतःच्या चुका दुरुस्त केल्याची एक सुंदर हकिगत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संशयित कारणांत घातले. तेव्हाच्या अभ्यासांत एक मोठी अडचण होती : कॉफी पिणाऱ्यांत सिगारेट ओढणारेही जास्त असत, आणि दोहोंचे परिणाम वेगळे काढणे कठीण होते. पुढे हजाराहून अधिक अभ्यास तपासून त्याच संस्थेने २०१६ साली कॉफीला त्या यादीतून बाहेर काढले. मात्र ६५ अंश सेल्सिअसहून जास्त गरम असलेले कोणतेही पेय अन्ननलिकेला अपायकारक असण्याचा संभव आहे, असा इशारा त्याच वेळी दिला. बशीत ओतून, जरा निववून पिण्याची आपल्या आजी-आजोबांची रीत या निकषावर चांगलीच उतरते.

२०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रॉबिन पूल आणि सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक संकलित अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. दिवसाला तीन-चार कप कॉफी पिणाऱ्यांत, मुळीच न पिणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी कमी आढळला. यकृताचे विकार आणि टाइप २ मधुमेहही कमी दिसले. कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीतही मधुमेहाचा संबंध दिसतो, त्यामुळे हे श्रेय क्लोरोजेनिक आम्लासारख्या इतर घटकांना असावे असे संशोधकांना वाटते. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत मात्र जास्त कॉफीचा कमी वजनाच्या बाळाशी आणि अकाली प्रसूतीशी संबंध दिसला. इथे वाचकांनी दोन गोष्टी धरून ठेवाव्यात. हे बहुतेक निरीक्षणांवर आधारलेले अभ्यास आहेत; कॉफी पिणारे तसेही अधिक निरोगी असतील, तर ते आकड्यांतून पुरते वेगळे काढता येत नाही. आणि त्यातले कप बहुतांशी युरोप-अमेरिकेतले आहेत.

आपले तीन कप म्हणजे सहा चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी ३० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते, आणि त्यात अजून बिस्किट, जिलेबी, सरबत आलेलेच नाही. २०२२ साली ब्रिटनमधल्या ‘यूके बायोबँक’च्या माहितीवरून असे दिसले की साखर घालून कॉफी पिणाऱ्यांतही मृत्यूचा धोका कमी होता, पण त्यांची साखर सरासरी एका कपाला एकच चमचा होती. मधुमेहापासून रक्षण होईल म्हणून जो मराठी वाचक कॉफी वाढवतो, त्याने आधी साखरेचा डबा पाहावा.

आणखी एक बाब आपल्या घरांसाठी साखरेइतकीच महत्त्वाची आहे : लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. कॉफी आणि चहा यांतली पॉलिफेनॉल्स वनस्पतिजन्य अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतात. १९८३ च्या एका अमेरिकन प्रयोगात जेवणासोबतच्या एका कप कॉफीने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले, चहाने ६४ टक्क्यांनी. कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर काही फरक पडला नाही. जेवणानंतर तासाभराने घेतली तेव्हा मात्र शोषण तितकेच घटले. सकाळची पोह्यांची बशी यासाठी डोळ्यांसमोर आणा. वर पिळलेल्या लिंबातले क जीवनसत्त्व पोह्यांतल्या लोहाला मदत करते, आणि शेजारचा कॉफीचा कप नेमका उलट दिशेने ओढतो. रक्त कमी असलेल्या बाईने न्याहारी आणि कॉफी यांत पुरेसे अंतर ठेवले तर काहीही खर्च न करता फायदा पदरात पडतो. राष्ट्रीय पोषण संस्थाही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगते. नंतरचे अंतर त्याहून मोठे ठेवता आले तर उत्तमच. लोहाच्या गोळीचे तेच. थायरॉइडची गोळीही कॉफीसोबत घेतली तर तिचे शोषण कमी होते. ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि कॉफीसाठी अर्धा-एक तास थांबावे.

कॉफीने पित्त होते, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. कॉफीने जठरातला आम्लस्राव वाढतो हे खरे. पण कोणाला त्रास होतो आणि कोणाला नाही, हे माणसापरत्वे ठरते, तेव्हा स्वतःचा अनुभव प्रमाण मानावा. सवय नसलेल्याचा रक्तदाब कॉफीने थोडा वेळ चढतो. कोलेस्टेरॉल वाढवणारी कॅफेस्टॉलसारखी द्रव्ये उकळून न गाळलेल्या कॉफीत जास्त असतात, इन्स्टंटमध्ये अगदी कमी. एकदम कॉफी सोडली की दुसऱ्या दिवशी डोके धरते; निर्जळी उपवासाच्या दिवशी दुखणारे डोके कधीकधी भुकेचे नसून कॅफिनचे असते. जायफळ चिमटीपुरते सुगंधी आणि निर्धोक आहे, चमच्याने मात्र ते विषारी ठरू शकते. मुलांसाठी युरोपीय अन्नसुरक्षा संस्था वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफिन ही मर्यादा मानते. वीस किलोच्या मुलाला ती एका इन्स्टंट कपातच गाठली जाते. परीक्षेच्या रात्री पाल्याला कॉफी करून देणाऱ्या आई-वडिलांनी हा हिशेब जरूर करावा.

या विषयात शिरताना तुम्ही आधी जाडजूड ग्रंथांकडे जावे असे मी म्हणणार नाही. आठवडाभर एक वही ठेवा. कप केवढा, पावडर कोणती, साखर किती, वेळ कोणती आणि रात्री झोप कशी लागली, एवढेच लिहा. मग कोणताही नवा अभ्यास वाचताना त्याला चार प्रश्न विचारता येतील : कोणती कॉफी, किती, केव्हा आणि कोणी प्यायलेली? गरोदर स्त्रिया, हृदयाचे ठोके अनियमित असलेले, निद्रानाश किंवा घबराटीचा त्रास असलेले, यांनी ती वही आपल्या डॉक्टरांना दाखवावी. त्यांच्यासाठी सर्वसाधारण आकडे पुरेसे नाहीत.

उल्हासनगर-अंबरनाथच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र किंवा आहारशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या दुधाच्या, चिकोरीच्या, जायफळाच्या कपात कॅफिन नेमके किती आणि साखर किती, हे घरोघरच्या नमुन्यांवरून मोजून मराठीत मांडण्यासारखे काम आहे. एका सत्राच्या प्रकल्पात ते बसते. ते जरूर हाती घ्या.