घर जळाले, भाडे कोणी द्यायचे?

२ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे लंडनच्या पुडिंग लेनमधील एका भटारखान्यात आग लागली आणि चार दिवसांत सुमारे १३,२०० घरे व ८७ चर्चे भस्मसात झाली. ही हकीकत आपण शाळेत वाचतो. आग विझल्यावर उभा राहिलेला प्रश्न मात्र तेथे येत नाही. आणि घरमालकांच्या दृष्टीने खरा बोध त्यातच आहे.

लंडनची बरीच घरे मुदतीच्या पट्ट्याने दिलेली होती. दुरुस्ती भाडेकरूने करावी, ही पट्ट्यातली नेहमीची अट. घर जळाले तरी ती जळत नव्हती. म्हणजे डोक्यावर छप्पर नाही, पण भाडे देणे आहे, आणि घर बांधून देणेही आहे! कायदा मालकाच्या बाजूचा होता. परंतु राखेच्या ढिगाऱ्यातून भाडे वसूल व्हायचे कसे? दोघे हटून बसते, तर शहर उभेच राहिले नसते.

पार्लमेंटने यासाठी खास अग्निन्यायालय नेमले. १६६७ पासून न्यायाधीशांनी मोबदला न घेता तंटे ऐकले. जो घर बांधील त्याचे भाडे कमी करावे, पट्ट्याची मुदत वाढवावी, प्रसंगी करारच रद्द करावा, असे त्यांचे धोरण होते. कृतज्ञ नगरपालिकेने त्यांची तैलचित्रे काढवून घेतली. परंतु न्यायालय नुकसान वाटून देऊ शकते, भरून काढू शकत नाही.

भरून काढण्याची युक्ती निकोलस बार्बन या वैद्यकी सोडून बांधकामात शिरलेल्या गृहस्थाने पुढे आणली. १६८० च्या सुमारास त्याने आगीच्या विम्याची कचेरी उघडली. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के हप्ता, लाकडी घराला पाच. वीस पौंड भाड्याच्या विटांच्या घरास दहा शिलिंग, तर तेवढ्याच भाड्याच्या लाकडी घरास एक पौंड. धोका जितका, तितका आकार!

पुढे १७७४ च्या कायद्याने आणखी एक सोय केली. घरात ज्याचा हितसंबंध आहे त्याने मागणी केल्यास विम्याची रक्कम घर पुन्हा बांधण्याकडेच लावावी, असे ठरले.

आता आपल्या अंगणात येऊ. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांतील वाडे कोसळले. फक्त आगीचा विमा असलेल्या मालकाला तो कागद त्या दिवशी काय कामाचा? म्हणून पहिला प्रश्न : कोणकोणती संकटे कागदावर लिहिली आहेत? दुसरा : रक्कम कशाची? जमीन जळत नाही. म्हणून विमा बाजारभावाचा नव्हे, बांधकामाच्या खर्चाचा हवा. तिसरा : बुडणाऱ्या भाड्याचे काय? १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत आग, भूकंप, पूर यांबरोबर बुडालेल्या भाड्याचीही तरतूद आहे. भाडेकरूचे सामान मात्र मालकाच्या विम्यात येत नाही; हे त्याला आधीच सांगणे हा शेजारधर्म.

लंडनच्या मालकांना हे प्रश्न राखेत उभे राहून सोडवावे लागले. आपल्याला ते घर उभे असतानाच विचारता येतात. साडेतीनशे वर्षांच्या अनुभवाचा एवढा लाभ आपण घ्यायला हवा.