गार चहाचा पेला

उदगीरचे नाव मराठी वाचकाला बहुधा एका लढाईमुळे ठाऊक असते. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी या परिसरात निजामाच्या फौजेला नमविले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी त्या विजयात मोठी कामगिरी बजावली, आणि वर्ष उलटण्यापूर्वीच, १४ जानेवारी १७६१ रोजी, त्या दोघांनाही पानिपताने गिळले. लढायांचा इतिहास असा तारीखवार सांगता येतो. त्याच भुईवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनी उन्हाळा कसा काढला, तहान कशी भागविली, हे मात्र बखरींत सहसा सापडत नाही.

बालाघाटच्या पठारावरील या गावात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशा दिवसांत घराघरांतून केल्या जाणाऱ्या एका साध्या पेयाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. ते पेय म्हणजे ताज्या पुदिन्याचा गार चहा. त्रैमासिकाच्या मानाने विषय हलका आहे, असे कोणी म्हणेल. परंतु या पेल्यात पुदिना, चहा, बर्फ आणि पाणी असे चार पदार्थ एकत्र येतात, आणि त्या चौघांचा प्रवास पाहू लागलो म्हणजे 'थंडावा कोणाच्या वाट्याला आला?' हा प्रश्न टाळता येत नाही.

प्रथम पुदिना. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. वनस्पती मात्र भूमध्य समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंत फार पूर्वीपासून परिचित आहे. ख्रिस्ती कुटुंबांना ती शुभवर्तमानातूनही ठाऊक आहे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशू शास्त्री व परुशी यांची कानउघाडणी करतो, कारण ते पुदिना, शेप आणि जिरे यांचासुद्धा दशांश काटेकोरपणे देतात, आणि न्याय, दया व विश्वास यांना मात्र बगल देतात. नियमशास्त्रात दशांशाचा मुख्य उल्लेख धान्य, द्राक्षारस व तेल यांचा आहे. परसातल्या पाल्याचा हिशेब करणे, हा त्या काळीही अतिरेकच वाटत असला पाहिजे. यावरून पहिल्या शतकातील पॅलेस्टाईनमध्ये पुदिना ही गरिबाच्या दाराशी उगवणारी, मोजदाद करण्याइतकी मोलाची नसलेली गोष्ट होती, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही.

पुदिना तोंडाला गार का लागतो, याचा उलगडा अलीकडचा आहे. पुदिन्याच्या काही जातींत मेंथॉल विपुल असते, काहींत अल्प. हे मेंथॉल, थंडीची जाणीव करून देणाऱ्या आपल्या मज्जातंतूंमधील एका विशिष्ट प्रथिनालाच चेतविते. हा शोध २००२ साली लागला. त्या संशोधकांपैकी एक डेव्हिड ज्यूलियस यांना, उष्णतेच्या संवेदनेवरील मूलगामी कार्यासह, २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सारांश, पुदिन्याने पाणी थंड होत नाही; आपल्याला ते थंड भासते. ज्याच्या घरी बर्फ नाही, त्यालाही निसर्गाने थोडा गारवा देऊ केला आहे.

चहाची वाट लांबची. युरोपीय वाचकाला चिनी चहाची ओळख करून देणाऱ्या आरंभीच्या लेखकांत गास्पार दा क्रूझ हा पोर्तुगीज डोमिनिकन धर्मगुरू मोडतो. १५४८ साली तो पूर्वेकडे आला, गोवा आणि आपल्या कोकणातील चौल येथे राहून पुढे चीनला गेला, आणि अतिथीला 'चा' नावाचे उष्ण पेय देण्याची तेथील रीत त्याने नोंदवून ठेविली. पुढे १६८९ च्या सुमारास सुरतेस असलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन लिहितो की, येथील लोक चहात मसाला उकळतात, त्यात खडीसाखर घालतात, आणि चोखंदळ माणसे मुरलेले लहान लिंबूही वापरतात. म्हणजे आज घराघरांत होणाऱ्या दुधाच्या चहापूर्वीच, लिंबू-साखरेचा बिनदुधी चहा पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला होता.

तथापि हे सर्व व्यापाऱ्यांच्या आणि कोठीवाल्यांच्या घरचे झाले. सामान्य माणसाच्या चुलीवर चहा चढला तो फार उशिरा. १८२३ साली आसामात रानटी चहाची झाडे रॉबर्ट ब्रूस याच्या नजरेस आली; जानेवारी १८३९ मध्ये आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला. पुढे दीर्घकाळ हा चहा मुख्यतः परदेशी जाण्यासाठीच पिकत होता. १९०३ मध्ये निर्यातीवर उपकर बसवून चहाच्या प्रचारासाठी निधी उभारण्यात आला आणि त्यानंतर हिंदी गिऱ्हाइकाला चहाची गोडी लावण्याचे प्रयत्न झाले. १९३० च्या सुमारास आसामातील आमगुरी येथे दाणेदार चहा बनविणारे यंत्र निघाले. स्वस्त, गडद आणि थोड्या पत्तीत पुष्कळ कप देणारा हा चहा स्वातंत्र्योत्तर काळात खेड्यापाड्यांत पोहोचला.

चहा आणि पुदिना यांची जोडी सर्वांत प्रसिद्ध झाली ती मोरोक्को देशात. १८५३ ते १८५६ या क्रिमियाच्या युद्धकाळात बाल्टिक समुद्राची बाजारपेठ बंद पडली, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांनी आपला हिरवा चहा उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत उतरविला. तेथील लोक पुदिन्यासारख्या वनस्पतींचा काढा पूर्वीपासून घेत होतेच. त्यात चहा मिसळला. मोरोक्कोचा हा चहा उष्ण असतो. आपण पितो तो गार, आणि येथे बर्फाचा इतिहास सुरू होतो.

हिंदुस्थानच्या मैदानी मुलखात बर्फ हे राजवैभव होते. 'आईन-इ-अकबरी'त अबुल फजलने पाणी गार करण्याची कृती दिली आहे. शेरभर पाणी तोंड बंद केलेल्या धातूच्या सुरईत भरायचे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी घेऊन त्यात अडीच शेर शोरा मिसळायचा, आणि ती सुरई त्यात पाव घटका नव्हे, चांगला पाव तास फिरवीत राहायचे. जो शोरा तोफेच्या दारूत आग निर्माण करतो, तोच येथे थंडावा देतो, याचे अबुल फजललाही कौतुक वाटले होते. १६३६ साली शाहजहानचा सरदार खान दौरान याने उदगीरचा किल्ला घेतला, तेव्हा त्या काळच्या कोणत्याही किल्ल्याप्रमाणे येथेही शोऱ्याचा मुख्य उपयोग दारूसाठीच होता, हे सांगावयास नकोच. आम्हांला मात्र या कृतीतील प्रमाण महत्त्वाचे वाटते. एक शेर पाणी बादशहाच्या ओठी गार लागावे म्हणून पाच शेर पाणी खर्ची पडत असे, आणि सुरई फिरविणारा हात निराळाच असे.

एकोणिसाव्या शतकात थंडावा सातासमुद्रांपलीकडून येऊ लागला. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने मे १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाच्या जहाजात गोठलेल्या तळ्यांतून कापलेला १८० टन बर्फ भरून कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळला. तरी सुमारे शंभर टन सप्टेंबरात सुखरूप उतरला. १८३४ साली मुंबईसही अमेरिकन बर्फ आला. जमशेटजी जीजीभाई यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातले, आणि यजमानांसह पाहुण्यांना पडसे झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली. मद्रासेत १८४२ साली या बर्फासाठी जी इमारत बांधली, तीच आज विवेकानंद भवन म्हणून ओळखली जाते. पुढे १८७० नंतर यंत्राचा बर्फ येथेच तयार होऊ लागला आणि हा व्यापार बुडाला.

बर्फ अमेरिकेहून हिंदुस्थानात आला. मग हिंदुस्थानचा चहा अमेरिकेत जाऊन त्या बर्फाला भेटला, अशी एक कथा प्रसिद्ध आहे. १९०४ साली सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात हिंदी चहाचा प्रचारक रिचर्ड ब्लेचिंडेन गरम चहा वाटत होता. उकाड्यामुळे कोणी फिरकेना, म्हणून त्याने त्यात बर्फ टाकला आणि गार चहाचा शोध लागला, असे सांगतात. कथा सुरस आहे, पण शोधाचा मान त्याला देता येत नाही. १८७९ साली छापलेल्या व्हर्जिनियातील एका पाककृतीच्या पुस्तकात गार चहाची रीत स्पष्ट दिलेली आहे. मोठी नावे पुढे येतात आणि स्वयंपाकघरातील बायकांचे शहाणपण मागे राहते, याचे हे आणखी एक उदाहरण.

आता प्रत्यक्ष कृती. पाच पेल्यांसाठी लिटरभर पाणी पुरे. त्यातील अर्धे पातेल्यात उकळावे. विस्तव बंद करून त्यात पानाचा चहा असल्यास तीन चमचे, दाणेदार असल्यास दोन चमचे घालावा व झाकण ठेवावे. पानाला चार मिनिटे, दाण्याला दोन. अधिक ठेवल्यास तुरटपणा वाढतो आणि थंड पेयात तो फार जाणवतो. चहाबरोबरच पुदिन्याची पंचवीस-तीस स्वच्छ पाने हाताने किंचित चुरडून टाकावीत. पुदिना चहासोबत खळखळा उकळू नये. त्याचा सुवास वाफेबरोबर निघून जातो. गाळून घेतल्यावर गरम असतानाच चार-पाच चमचे साखर विरघळवावी, कारण गार पाण्यात ती तळाशी बसते. मग उरलेले अर्धे पाणी माठातले घालावे, अर्ध्या लिंबाचा रस पिळावा. लिंबाने चहाचा रंग उजळतो, तो दोष समजू नये. गरम चहा एकदम शीतकपाटात ठेवल्यास गढूळ होतो. चहातील द्रव्ये थंडीने एकत्र येऊन तरंगू लागतात. म्हणून तो आधी बाहेरच निवू द्यावा.

बर्फ घरच्याच पिण्याच्या पाण्याचा असावा. बाजारातील सगळाच बर्फ खाण्याजोगा नसतो. म्हणूनच २०१८ साली महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम झाला. बर्फ नसेल तर माठ आहेच. माठाच्या अंगातून झिरपणारे पाणी वाफ होऊन जाताना आतील उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितका माठ गार. वसईच्या किंवा गोव्याच्या दमट हवेत राहणाऱ्या वाचकांना माठाचे हे सामर्थ्य पुरते कळणार नाही. मराठवाड्याच्या रखरखीत उन्हाळ्याने ही एक भरपाई दिली आहे. पुदिनाही विकतच आणावयास हवा असे नाही. जुडीतील दोन-चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या तर आठवड्याभरात मुळ्या फुटतात. मग कुंडीत लावून भाज्या व तांदूळ धुतलेल्या पाण्यावर त्या जगविता येतात.

येथवर सारे सोपे झाले. पाण्याचे तसे नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची आगगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण कोरडे पडले होते. बॉस्टनहून मुंबईला बर्फ येणे ही श्रीमंतांची चैन होती. मिरजेहून लातूरला पाणी येणे ही जगण्याची गरज होती. ज्या जिल्ह्याने हे पाहिले, तेथे गार चहाचा पेला हातात घेताना त्यातील चहापेक्षा पाण्याची किंमत आधी आठवावी.

या मुलखाने पाणी वाटण्याच्या रीतीही जपल्या. निजामी अमलात मोहरमच्या दिवसांत सबिली लागत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी व सरबत मिळे. उन्हाळ्यात पाणपोई घालणे हे हिंदू गृहस्थाला पुण्याचे काम वाटे. परंतु इतिहास लिहिताना दुसरी बाजू झाकता येत नाही. महाराष्ट्रातील कित्येक पाणवठ्यांवर काही माणसांना हात लावण्याची मुभा नव्हती. त्यांच्या ओंजळीत वरून धार सोडली जाई. चहाच्या हॉटेलांत त्यांची कपबशी वेगळी, बाहेर कोनाड्यात ठेवलेली असे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, आणि त्या पाण्यावरील हक्क न्यायालयात कायम होण्यास १९३७ साल उजाडले. मराठवाड्यातील आपल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या आजी-आजोबांना ही वेगळी कपबशी ऐकीव नव्हती. त्यांनी तिच्यातून चहा प्यालेला होता आणि ती स्वतःच विसळून जागच्या जागी ठेविलेली होती.

म्हणून वरील कृतीत आम्ही पाच पेले सांगितले. चौघांच्या घरात पाचवा पेला दाराशी येणाऱ्याचा: टपाल आणणाऱ्याचा, गॅसची टाकी खांद्यावरून उतरविणाऱ्याचा, गल्ली झाडणाऱ्या बाईचा. त्यात बर्फ घरच्यांइतकाच असावा. आणि तो पेला फळीच्या कोपऱ्यात निराळा ठेवलेला नसावा. ज्या संचातून आपण पितो, त्याच संचातला असावा. पुदिन्याच्या पानांचा हिशेब त्यानंतर करावा.