ओतूर

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील मांडवी नदीकाठचे बाजाराचे गाव व वारकऱ्यांचे क्षेत्र. कल्याण–अहिल्यानगर रस्त्यावर (आधी राष्ट्रीय महामार्ग २२२, आता ६१) आळेफाट्याच्या पश्चिमेस वसलेले. कोकणातून माळशेज घाट चढून आले की वाटेत लागणारी ही पहिली मोठी बाजारपेठ.

गावाची ख्याती मुख्यतः नदीकाठच्या कपर्दिकेश्वर मंदिरामुळे आणि तेथील चैतन्य महाराजांच्या समाधीमुळे. तुकोबांना स्वप्नात उपदेश करणारे बाबाजी चैतन्य ते हेच, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. उपदेशाचा दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार, हे खुद्द तुकोबांच्याच अभंगातून कळते. राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी ही गुरुपरंपराही तेच सांगतात. मात्र यांतले केशवचैतन्य आणि बाबाजी वेगवेगळे की एकच, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. श्रावणातल्या सोमवारी गाभाऱ्यात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. त्या लिंबांच्या आधाराने एकीवर एक उभ्या राहतात आणि दर सोमवारी त्यांची संख्या वाढते. सुट्या तांदळाला हा आकार कसा धरवतो, हे जवळून पाहण्यासाठी दर्शनाच्या रांगेत उभे राहणारेही पुष्कळ. बाहेर यात्रा आणि कुस्त्यांचा आखाडा.

लेखक अनिल अवचट (१९४४–२०२२) यांचा जन्म ओतूरचा. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो ‘माणसं’सारख्या वार्तांकनासाठी आणि मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासाठी. पण याच लेखकाने मुलांसाठी एक वेगळेच जग रचले. त्यात झाडे, पाखरे, प्राणी माणसांसारखे बोलतात, रुसतात, भांडतात. त्यातल्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ या पुस्तकाला साहित्य अकादमीचा २०१० चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आपल्या ओतूरच्या बालपणाविषयी त्यांनी ‘स्वतःविषयी’मध्ये लिहिले आहे. गोष्टीतले अमुक झाड म्हणजे मांडवीकाठचे तमुक झाड, असा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. तरी ज्या लेखकाने नदी, डोंगर आणि गुरेढोरे आधी पाहिली आणि शहर नंतर, त्याच्या कल्पित जगात माणूस कडेला उभा असावा, यात नवल ते काय! चित्रकार सुभाष अवचट हे त्यांचे धाकटे बंधू.

त्यांच्या लहानपणचा परिसर आता बराच बदलला आहे. जवळचा पिंपळगाव जोगा जलाशय तेव्हा नव्हता. आज तेथे रोहित पक्षी पाहायला पर्यटक येतात. कालव्यांमागून ऊस वाढला आणि उसाच्या फडांत बिबटे वस्ती करू लागले. संध्याकाळनंतर पोरांना बांधावर एकटे सोडत नाहीत. पकडलेल्या वा जखमी बिबट्यांसाठी तालुक्यातच माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे.

कांदा व ऊस ही प्रमुख पिके. जुन्नर बाजार समितीचे उपबाजार आवार येथे असून कांद्याची मोठी उलाढाल होते. अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय येथेच.