हरणाऱ्यांचे बळ : मेक्सिकोतील एका पक्षाची एकाहत्तर वर्षे

निवडणुकांचा इतिहास आपण बहुधा जिंकणाऱ्यांच्या बाजूने वाचतो. कोणाला किती जागा मिळाल्या, मंत्रिमंडळ कोणी बनविले, कोणता कायदा कोणी केला, एवढे कळले की आपले समाधान होते. हरलेल्या उमेदवाराचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एकदा येते आणि मग ते कोणाच्या ध्यानीमनीही राहत नाही. परंतु ज्या देशात एकच पक्ष पिढ्यान्‌पिढ्या जिंकत आला, त्या देशाचा इतिहास हरणाऱ्यांच्या बाजूने वाचल्यावाचून नीट उलगडत नाही. आपण हरणार हे पक्के ठाऊक असताना निवडणूक लढवावयाची ती कशासाठी? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, आपल्या उभे राहण्याने सत्ताधाऱ्यांच्या नाटकाला नुसती शोभा तर येत नाही ना? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आम्ही आज मेक्सिकोचा इतिहास आपल्यापुढे ठेवीत आहोत.

मेक्सिको हा देश महाराष्ट्राला अगदीच परका नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे १९२४ साली तेथे गेले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. ज्या पक्षाची हकिगत आपल्याला पाहावयाची आहे, तो पक्ष त्यांच्या मेक्सिकोतील वास्तव्यातच जन्माला आला.

त्याच्या जन्माआधीची थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. पोर्फिरिओ दियास या सेनापतीने १८७६ पासून १९११ पर्यंत, मधली चार वर्षे वगळता, मेक्सिकोवर राज्य केले. निवडणुका नियमाने होत आणि प्रत्येक वेळी दियासच निवडून येत. १९०८ साली एका अमेरिकन वार्ताहराशी बोलताना त्यांनी, देशात विरोधी पक्ष निघाला तर आपण त्याचे स्वागत करू, असे उद्गार काढले. फ्रान्सिस्को मादेरो या सुखवस्तू जमीनदाराने ते उद्गार खरे मानले आणि १९१० साली तो दियास यांच्याविरुद्ध उभा राहिला. मतदानापूर्वीच त्याची रवानगी तुरुंगात झाली. ‘मताला किंमत हवी, फेरनिवड नको’ अशा अर्थाची त्याची घोषणा मात्र देशभर गेली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात क्रांतीचा वणवा पेटला. मादेरो पुढे अध्यक्ष झाला आणि १९१३ साली मारला गेला. म्हणजे मेक्सिकोची क्रांती मुळात मतमोजणीच्या तक्रारीतून निघाली होती, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

क्रांतीनंतरची वर्षे सेनापतींच्या आपसांतील झुंजीत गेली. १९१७ च्या राज्यघटनेने अध्यक्षाच्या फेरनिवडीस बंदी केली होती. ती सैल करवून घेऊन आल्वारो ओब्रेगॉन १९२८ साली दुसऱ्यांदा निवडून आले आणि अधिकारावर येण्यापूर्वीच, १७ जुलै रोजी, त्यांचा खून झाला. तेव्हाचे अध्यक्ष प्लुतार्को काय्येस हे धोरणी गृहस्थ होते. सेनापतींनी रणांगणात भांडण्यापेक्षा एका छपराखाली भांडावे, हा त्यांचा विचार. त्यातून मार्च १९२९ मध्ये केरेतारो येथे राष्ट्रीय क्रांतिकारी पक्ष स्थापन झाला. १९३८ साली लासारो कार्देनास यांनी त्याची नवी बांधणी करून कामगार, शेतकरी, सैनिक आणि मध्यमवर्ग असे त्याचे चार खांब उभे केले. आणि १९४६ साली त्याला ‘संस्थात्मक क्रांतिकारी पक्ष’ हे कायमचे नाव मिळाले.

हा पक्ष केवळ दंडेलीवर टिकला, असे मानणे चुकीचे होईल. कार्देनास यांनी शेतकऱ्यांना मोठ्या प्रमाणावर जमिनी वाटल्या आणि १८ मार्च १९३८ रोजी विदेशी तेलकंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या केल्या. लाखो लोकांची या पक्षावर खरीखुरी श्रद्धा होती. शिवाय एक नियम या पक्षाने कसोशीने पाळला. अध्यक्ष कितीही बलाढ्य असो, सहा वर्षे संपली की त्याने घरी जावयाचे. मात्र जाताना आपला वारस तोच नेमी. बोट दाखवून केलेल्या या निवडीला मेक्सिकोचे लोक ‘बोटाचा झटका’ म्हणत. दर सहा वर्षांनी राजा बदले. गादी मात्र त्याच घराण्याकडे राही.

आता निवडणुकांकडे वळू. १९२९ सालीच माजी शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस नव्या पक्षाविरुद्ध उभे राहिले. विद्यार्थी आणि शहरांतील सुशिक्षित त्यांच्यामागे होते. सरकारी आकड्यांनुसार सत्ताधारी उमेदवाराला शेकडा ९० हून अधिक मते पडली आणि वास्कोन्सेलोस यांना शेकडा ५ च्या आसपास! असे आकडे कसे तयार होत, हे तेथील बोलीभाषेतच नोंदलेले आहे. मतदानाआधीच भरून ठेवलेल्या पेटीला लोक ‘गरोदर पेटी’ म्हणत. विरोधी मतदाराचे नाव यादीतून गाळावयाचे आणि त्याला या केंद्रावरून त्या केंद्रावर पळवावयाचे, या युक्तीचे नाव ‘वेडा उंदीर’. ज्या गोष्टीला लोकांनी टोपणनावे ठेवली, ती गोष्ट किती नित्याची झाली असेल, हे निराळे सांगावयास नको.

अशा देशात १९३९ साली मानुएल गोमेस मोरीन यांनी राष्ट्रीय कृती पक्ष काढला. मोरीन हे राष्ट्रीय विद्यापीठाचे माजी कुलगुरू. पुढच्याच निवडणुकीत सत्ता मिळेल, अशी आशा त्यांनी अनुयायांना दाखविली नाही. पिढ्या खर्ची पडतील अशीच त्यांची तयारी होती. १९४६ साली या पक्षाचे ४ प्रतिनिधी संसदेत आले. १९५८ साली लुईस आल्वारेस हा ३८ वर्षांचा तरुण उद्योजक त्यांचा अध्यक्षपदाचा उमेदवार होता. त्याला शेकडा ९ च्या आसपास मते दाखविण्यात आली. संतापून पक्षाने निवडून आलेल्या आपल्या मोजक्या प्रतिनिधींना संसदेत न बसण्याचा आदेश दिला.

येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. विरोधक घरी बसले, तर सत्ताधाऱ्यांनी आनंद मानावयास हवा होता. पण तसे झाले नाही. जगापुढे लोकशाही म्हणून मिरवावयाचे, तर हरणारा कोणीतरी हवा! प्रतिस्पर्धीच नसेल तर विजयाच्या मिरवणुकीला अर्थ काय राहिला? १९६३ साली सरकारने घटना दुरुस्त केली. शेकडा अडीच मते मिळविणाऱ्या पक्षाला ५ जागा, आणि त्यापुढे मतांच्या प्रमाणात २० पर्यंत जागा देण्याचे ठरले. ही उदारता नव्हती. हरणाऱ्याला आखाड्यात ठेवण्यासाठी दिलेला तो विडा होता. परंतु विडा घेताना विरोधकांना एक गोष्ट उमगली : आपल्या मतांना किंमत नसली, तरी आपल्या हजेरीला आहे.

सगळ्यांनाच ही धिमी वाट मानवली नाही. २ ऑक्टोबर १९६८ रोजी, ऑलिंपिक सामने दहा दिवसांवर असताना, त्लातेलोल्कोच्या चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि अनेकांचे प्राण गेले. त्या वेळी कवी ओक्ताव्हियो पाझ हे दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. निषेध म्हणून त्यांनी ते पद सोडले. मतपेटीवरचा उरलासुरला विश्वास गमावून काही तरुण शस्त्रांकडे वळले.

१९७६ साली तर मौजच झाली. कृती पक्षात अंतर्गत मतभेद विकोपास गेले आणि त्याला उमेदवारच ठरविता आला नाही. कम्युनिस्टांच्या पक्षाला अधिकृत मान्यता नव्हती. परिणामी होसे लोपेस पोर्तियो हे मतपत्रिकेवरील एकमेव उमेदवार ठरले आणि अर्थातच जिंकले. एकट्याने धावून पहिला आलेल्या धावपटूची जी शोभा होते, तीच त्यांची झाली. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, दुसरी सुधारणा आली. संसदेच्या ४०० जागांपैकी १०० जागा मतांच्या प्रमाणात वाटण्याचे ठरले आणि कम्युनिस्ट पक्षाला निवडणुकीचे दार उघडले.

तथापि जागा मिळणे निराळे आणि मते खरी मोजली जाणे निराळे. १९८२ च्या कर्जाच्या अरिष्टाने आणि १९८५ च्या भूकंपाने सरकारची प्रतिष्ठा खालावली होती. १९८६ साली उत्तरेकडील चिहुआहुआ प्रांताच्या निवडणुकीत कृती पक्ष जिंकणार, असे तेथील लोकांना वाटत होते. निकाल मात्र नेहमीचाच लागला. त्या वेळी चिहुआहुआ शहराचे महापौर कोण होते? तेच लुईस आल्वारेस, १९५८ चे पराभूत उमेदवार. आता ते ६६ वर्षांचे होते. खऱ्या मतमोजणीच्या मागणीसाठी त्यांनी ४० दिवस उपोषण केले. उपोषणाचे मोल महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. निकाल बदलला नाही. पण मतांची चोरी हा देशापुढचा प्रश्न झाला. १९९२ साली त्याच प्रांतात त्याच पक्षाचा राज्यपाल निवडून आला.

१९८८ साली धक्का घरातूनच बसला. लासारो कार्देनास यांचे पुत्र कुआउतेमोक कार्देनास वारस नेमण्याच्या पद्धतीस विटून पक्षाबाहेर पडले आणि डाव्यांच्या आघाडीतर्फे उभे राहिले. ६ जुलैच्या रात्री पहिले आकडे येऊ लागले आणि मोजणीची संगणक-यंत्रणा बंद पडल्याचे सांगण्यात आले. ‘यंत्रणा पडली’ हे शब्द मेक्सिकोत म्हणीसारखे झाले. अखेर सत्ताधारी कार्लोस सालिनास यांना निम्म्याहून किंचित अधिक मते मिळाल्याचे जाहीर झाले.

यापुढे विरोधकांच्या दोन वाटा झाल्या. कार्देनास यांनी सालिनास यांना अध्यक्ष मानण्यास नकार दिला आणि १९८९ मध्ये नवा पक्ष काढला. त्या पक्षाचे अनेक कार्यकर्ते पुढील वर्षांत मारले गेले. उलट कृती पक्षाने सौदा केला. घटनादुरुस्तीला लागणारी दोन-तृतीयांश मते सालिनास यांच्याजवळ नव्हती. ती या पक्षाजवळ होती. त्यांच्या बदल्यात १९९० चा निवडणूक कायदा आणि नवी निवडणूक-संस्था पदरात पडली. १९८९ साली बाहा कॅलिफोर्नियात विरोधी पक्षाचा पहिला राज्यपाल मान्य झाला. पण याच कृती पक्षाने १९८८ च्या मतपत्रिका नष्ट करण्याच्या ठरावालाही १९९१ मध्ये संमती दिली. यातला कोणता मार्ग बरोबर? आमचे मत असे की, एकाने दाराशी ठाण मांडले नसते, तर दुसऱ्याला आत बोलावण्याची सत्ताधाऱ्यांना निकड भासली नसती. मात्र मतपत्रिका जाळण्यास दिलेल्या संमतीचा डाग या समर्थनाने पुसला जात नाही.

१९९४ हे वर्ष भयंकर गेले. जानेवारीत चियापासमध्ये सशस्त्र उठाव झाला, मार्चमध्ये सत्ताधारी उमेदवार कोलोसिओ यांची तीहुआना येथे हत्या झाली आणि डिसेंबरात चलन कोसळले. हादरलेल्या राजवटीने १९९६ साली शेवटची किल्ली सोडून दिली. निवडणूक-संस्था गृहखात्याच्या हातून निघून स्वतंत्र झाली. मतदान-केंद्रांवर चिठ्ठ्या टाकून निवडलेले सामान्य नागरिक बसत. पेटी शेजारच्या शिक्षकाच्या आणि दुकानदाराच्या देखत उघडे. परिणाम ताबडतोब दिसला. १९९७ साली सत्ताधारी पक्षाला ५०० पैकी २३९ जागा मिळाल्या आणि बहुमत गेले. राजधानीचा कारभार कुआउतेमोक कार्देनास यांच्याकडे आला. २ जुलै २००० रोजी कृती पक्षाचे व्हिसेंते फॉक्स शेकडा ४२.५ मते घेऊन अध्यक्ष झाले. त्याच रात्री मावळते अध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांनी दूरदर्शनवरून तो निकाल मान्य केला. एकाहत्तर वर्षांची राजवट रक्त न सांडता संपली. आणि ८१ वर्षांच्या लुईस आल्वारेस यांना फॉक्स यांनी चियापासच्या शांतता-वाटाघाटींचे आयुक्त नेमले.

आपल्याकडेही एका पक्षाचे वर्चस्व होते. १९५२ साली काँग्रेसने शेकडा ४५ मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या. परंतु येथे स्वतंत्र निवडणूक आयोग पहिल्या निवडणुकीपूर्वीच, १९५० साली, उभा होता. म्हणून आपल्या विरोधकांपुढचा प्रश्न एकजुटीचा होता. १९५७ साली निरनिराळ्या झेंड्यांचे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र आले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात त्यांच्या मतांचे फळ त्यांना त्याच वर्षी मिळाले. केंद्रातील सत्तांतर १९७७ मध्ये, पंचवीस वर्षांनी घडले. मेक्सिकोला त्यासाठी एकाहत्तर वर्षे लागली. या फरकाचे कारण केवळ मतमोजणी हेच आहे असे नाही. पण ते एक मोठे कारण आहे, यात आम्हांला शंका नाही.

२००० नंतर मेक्सिकोत सर्व काही सुरळीत झाले, असेही नाही. जुना पक्ष २०१२ साली मतांच्याच बळावर परत आला आणि २०१८ साली मतांनीच गेला. २०२४ साली नव्या मोरेना पक्षाच्या क्लाउदिया शेनबॉम मोठ्या बहुमताने अध्यक्ष झाल्या, आणि पुन्हा एकाच पक्षाच्या वर्चस्वाची चर्चा तेथे सुरू झाली. कोणतेही कुलूप एकदा उघडले म्हणून कायमचे उघडे राहत नाही.

श्रोतेहो, प्रारंभीच्या प्रश्नांकडे वळून आम्ही थांबतो. हरणाऱ्याच्या उभे राहण्याने सत्ताधाऱ्यांच्या नाटकाला शोभा येते, हे खरे आहे. पण ज्याच्यावाचून नाटक होत नाही, तो आपल्या अटी घालू शकतो, हेही तितकेच खरे. मेक्सिकोच्या विरोधकांनी सत्ता मिळविण्याआधी मतमोजणी मिळविली, आणि तीही एकेक हप्त्याने : १९६३, १९७७, १९९०, १९९६. यांतील प्रत्येक हप्ता त्या त्या वेळी क्षुल्लक वाटला होता आणि अनेकांनी त्याची थट्टाही केली होती. तेव्हा आपल्या गावच्या निवडणुकीत ज्याची अनामत जप्त झाली त्याला हसण्यापूर्वी, पेटी उघडताना त्याचा प्रतिनिधी तेथे बसला होता काय, एवढे आपण विचारावे. तो बसला असेल, तर त्याने आपल्या सर्वांचे काम केले आहे.